अर्धे देखावे

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एक पूल होता. डावीकडच्या काठावरून निघायचा आणि मधोमध येऊन सुरीने कापल्यासारखा संपायचा. त्यावर बोटाएवढे शिपाई बंदुका रोखून उभे, आणि त्यांच्या समोर काय, तर शोकेसची काच. खालच्या फळीवर एक खंदक होता, तोही अर्धा. त्यातल्या एका शिपायाने कुणाला तरी वर ओढून घ्यायला हात खाली केला होता, पण तो हात धरणारं कुणीच नव्हतं. हे सगळं माझ्या नवऱ्याने केलेलं. पाहुणे आधी कौतुक करायचे, मग मान तिरकी करून विचारायचे, हे अजून व्हायचंय का? मी म्हणायचे, छे, त्याचं सगळं असंच असतं. न्हाणीघरातला नळ, माळ्यावरची फळी आणि लढाया, सगळं अर्धवट. तो नुसता हसायचा.

डायोरामा म्हणतात त्याला. मी लालबागची, त्यामुळे मी देखावा म्हणायचे, आमच्याकडे गणपतीपुढे करतात तसा. त्याचा त्याला राग यायचा. म्हणायचा, देखाव्याला पडदा आणि लायटिंग लागतं, याला नुसती नजर लागते. रणगाडे आणि माणसं प्लॅस्टिकच्या तुकड्यांत खोक्यातून यायची, ती तो जोडायचा, रंगवायचा. पण जमीन मात्र माझ्या घरातून जायची. चहाचा चोथा गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घालायचा, ती माती. नारळाची शेंडी कातरून गवत. धुळीसाठी रांगोळी. दिवाळीत अंगण नसलं तरी उंबऱ्यापुढे दोन रेघा काढाव्यात म्हणून बसले, तर करड्या रंगाची डबी हमखास रिकामी असायची. ती तुमच्या सरहद्दीवर गेली का, असं मी ओरडून विचारायचे, आणि आतून उत्तर यायचं, हो, गेली.

माझा स्वभाव संशयी आहे हे मी नाकारत नाही. मी नोकरीच तशी केली. विम्याच्या कंपनीत दाव्यांची छाननी करायचे. माणूस आजारी पडला, गेला, घरच्यांनी पैसे मागितले, की सगळे कागद माझ्या टेबलावर. आजार आधीपासून होता आणि लपवला, हे हुडकून काढायचं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फार रडणाऱ्याचा मला संशय यायचा आणि अजिबात न रडणाऱ्याचाही. नवरा म्हणायचा, तू कोथिंबिरीच्या जुडीलाही पुरावा मागतेस. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे छाननी करायला मला तो एकटाच उरायचा.

आणि त्याचे रविवार छाननी करण्यासारखेच होते. सकाळी उठायचा, केकच्या रिकाम्या खोक्यात एक अर्धा देखावा ठेवायचा, सुतळीने बांधायचा आणि निघायचा. कुठे, तर वडाळ्याला, मिठागरांच्या बाजूला. आमच्या फणसवाडीत आकाश म्हणजे दोन इमारतींच्या मधली पट्टी, आणि समोर टॉवर आल्यापासून तीही गेली. तिथे म्हणे मोकळं आकाश मिळतं. फळी स्टुलावर ठेवायची, कॅमेरा शिपायांच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचा, म्हणजे फळीची कड दिसत नाही आणि मागे खरं आभाळ येतं. खरं ऊन, खरी सावली. फोटोत ते खेळणं वाटत नाही. एवढं सगळं त्याने मला रंगवून सांगितलं होतं, फक्त एक फोटो कधी दाखवला नाही. अजून नीट आले नाहीत, म्हणायचा. कॅमेरा कुठाय विचारलं तर मोबाइल आहे ना, म्हणायचा. मोबाइल पाहिला तर त्यात वडाळ्याचा एकही फोटो नाही. बरोबर कोण असतं? कुणी नाही, एकटाच.

दुपारी परत यायचा तेव्हा मान मागून करपलेली आणि शर्टाला पोटावर माती. पाठीवर नाही, पोटावर. जेवायला वाढलं की भूक नाही म्हणायचा आणि तोंडाला सुकटीचा वास. आता सुकट आमच्याकडेही होते, मी मालवणी आहे, पण माझ्या हातची सुकट त्याला खारट लागायची. एप्रिलच्या मध्यावर एखादा रविवार मात्र तो घरी बसायचा आणि उगाच पेपर चाळायचा. मी हे सगळं मनात जमा करत होते. पुरावा पुरेसा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही कामाची सवय. बाई असणार, हे मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. कोणती बाई पोटावर माती लावून परत पाठवते, एवढंच कळत नव्हतं.

मग त्याने तो शेवटचा देखावा केला. डोंगरातला रस्ता, त्यावर थांबलेली जीप, दारातून डोकं बाहेर काढून पाहणारा ड्रायव्हर, कमरेवर हात ठेवून उभा एक शिपाई. पुढे दरड कोसळून रस्ता बंद झालेला. मोठे दगड, मातीचा ढीग, त्यातून वर आलेलं एक मोडकं झाड. त्याने स्वतः शोकेसमधला पूल सरकवून जागा केली आणि म्हणाला, "हा पूर्ण आहे हं." मी चारही बाजूंनी पाहिलं. खरंच होता. जीप होती, ती का थांबली हे दिसत होतं, कुणाचा हात लोंबकळत नव्हता. इतक्या वर्षांत एक तरी, असं मी म्हटलं, आणि त्या दिवशी मी पाहुण्यांची वाट पाहिली हे मला आठवतं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी चहाचा कप हातात असताना तो खुर्चीतच कलंडला. हृदय बंद पडलं. अचानक गेले, असं वाडीतले सगळे म्हणाले, डॉक्टर म्हणाले, मीही फोनवर तेच सांगत राहिले. त्याचा फोटो मी त्या जीपशेजारी ठेवला.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एक गृहस्थ दारात उभे राहिले. उंच, काटकुळे, साठीच्या पुढचे, गळ्यात कॅमेऱ्याची बॅग. चपला बाहेर काढून म्हणाले, वहिनी, येऊ का? ज्या माणसाला मी जन्मात पाहिलं नाही त्याची मी वहिनी कधी झाले, हा माझा पहिला विचार. मी साखळी लावूनच बोलत राहिले. ते म्हणाले की तुमच्या मिस्टरांचा मित्र आहे, घोडपदेवला राहतो, छापखान्यात होतो, आता घरीच असतो. आणि मग काय हवंय म्हटल्यावर म्हणाले, मिस्टरांनी शेवटचं एक मॉडेल केलं होतं, रस्त्याचं, त्याचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे आहे.

मला हसूच आलं. बाकी कुठल्याही देखाव्याचं नाव घेतलं असतं तरी मी विचार केला असता, सगळे अर्धेच होते. यांनी नेमका तो एक उचलला जो पूर्ण होता. असल्या वस्तू जमवणारे लोक असतात, माणूस गेल्यावर घरच्यांना त्यातलं कळत नाही हे बघून येतात, हेही मी ऐकून होते. पण खोटं बोलणाऱ्याला दारातून घालवायचं नसतं, बसवायचं असतं. मी साखळी काढली आणि चहा टाकला.

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. फोर्टातल्या एका दुकानात दोघांनी एकाच खोक्याला हात घातला होता. शेवटचं खोकं होतं. दोघेही सोडेनात, तेव्हा दुकानदार म्हणाला, अर्धं अर्धं घ्या. ते त्यांनी खरंच घेतलं. रणगाडा एकाकडे, माणसं दुसऱ्याकडे. तेव्हापासून तीच रीत पडली. एकच देखावा, पण दोन फळ्यांवर, कारण अख्खा ठेवायला ना यांच्या खोलीत जागा ना आमच्या. मधली कड आधी कागदावर ठरवायची, मग ज्याने त्याने आपापल्या घरी आपला भाग करायचा, आणि रविवारी वडाळ्याला दोन्ही फळ्या एकमेकींना भिडवायच्या. फोटो झाले की ज्याची फळी त्याच्या घरी. फोटो काढायला दोघे पालथे पडायचे. एकदा रेल्वे यार्डाच्या रखवालदाराने पाहिलं, दोन म्हातारे जमिनीवर झोपून रणगाड्याकडे बघतायत, आणि बराच वेळ जाऊच देईना. नंतर घोडपदेवला यांच्या घरी भाकरी आणि सुकट. एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीत हे असायचे, तेव्हा तेवढा एक रविवार सुट्टी.

सगळं बसत होतं, आणि सगळं बसतं तेव्हाच मला जास्त संशय येतो. मी विचारलं, मग माझ्यापासून लपवायचं कारण काय? त्यांनी बशीतला चहा संपवला. मी पुन्हा विचारलं.

"मिस्टर म्हणायचे, आमच्या घरी प्रत्येक माणसाची फाईल उघडते. ही एक नको उघडायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण वाक्य त्याचंच होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. तरी वाक्य ऐकलं म्हणजे मैत्री सिद्ध झाली असं नाही. त्याच्या अंत्ययात्रेला का नाही आलात, असं मी विचारलं. आलो होतो, म्हणाले. खाली वाडीत उभा राहिलो. वर येऊन काय सांगणार होतो, कोण म्हणून? हे तपासायला काहीच मार्ग नव्हता. त्या दिवशी खाली कोण उभं होतं ते मला कसं दिसणार? मी सांगितलं, तुमचा अर्धा भाग इथे घेऊन या. माझ्यासमोर जोडून दाखवा. जमलं तर बोलू.

ते दोनच दिवसांनी आले. तेच केकचं खोकं, तशीच सुतळी, गाठसुद्धा तशीच. गॅलरीच्या दाराशी टेबल ओढून त्यांनी त्यांची फळी ठेवली. तोच डोंगर, तोच रस्ता, आणि त्यावर एक ट्रक, मागे माणसं बसलेली, एक जण उठून टपावर हात ठेवून पुढे बघतोय. मी शोकेस उघडून आमची जीप आणली आणि स्वतः समोर ठेवली. त्यांनी दोन्ही फळ्या सरकवल्या. डोंगराचा उतार जुळला. रस्ता जुळेना. त्यांचा रस्ता कडेपर्यंत मोकळा येत होता आणि आमच्या कडेला तर दरड होती, बोटभर उंच, मधे भिंत घातल्यासारखी. ट्रक सरळ त्या ढिगात नाक खुपसून उभा राहिला.

"नाही जमत," मी म्हटलं. मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. इतक्या वर्षांनी नेम चुकला नव्हता.

ते खाली वाकून दरडीकडे नुसते बघत राहिले. मग कॅमेरा काढला आणि मागचे फोटो दाखवायला लागले. पूल होता. तो पलीकडे जात होता, पलीकडच्या काठावर झाडं होती आणि त्या झाडांमागे लपलेली माणसं. खंदक होता. त्या खाली केलेल्या हाताला एका शिपायाने धरलं होतं, दाढी वाढलेला, चेहरा चिखलाने माखलेला, दात दिसतायत असा. त्या हाताकडे बघत मी कितीदा धूळ पुसली असेन. मी शोकेसजवळ गेले आणि एकेक कड फोटोशी ताडून पाहिली. सगळ्या जुळत होत्या. मग त्यांनी रस्त्याचा फोटो दाखवला, काम चालू असताना वडाळ्याला दोन्ही फळ्या जुळवून पाहिल्याचा. रंग अजून द्यायचा होता, पण जीप होती, ट्रक होता, आणि मधे रस्ता सलग होता. दरड नव्हती.

"ही त्याने नंतर टाकली," ते म्हणाले. इतका वेळ ते तुमचे मिस्टर म्हणत होते, आता तो म्हणाले, आणि त्यांना ते कळलंही नाही. "मला बोलला नाही. शेवटचे दोनतीन रविवार तो आलाच नव्हता. गुडघा दुखतो म्हणाला. मला वाटलं, कंटाळला असेल माझा."

मला ते आधी नीट ऐकूच आलं नाही. शेवटचे रविवार तो घरी नव्हता. नेहमीसारखा सकाळी निघाला होता, वडाळ्याला जातो म्हणून, आणि दुपारी परत आला होता. त्या वेळी मी शर्ट धुताना पाहिलं होतं, पोटावर माती नव्हती, आणि जेवलाही होता घरी. मी ते नोंदवून ठेवलं होतं. बाईशी बिनसलं असेल, असं मला वाटलं होतं आणि मी मनातल्या मनात खूशही झाले होते. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, बाईचं सोडून.

मला गुडघा माहीत नव्हता. त्यांना माझ्याकडचा वडाळा माहीत नव्हता. दोघांना दोन वेगळी कारणं सांगून तो माणूस रविवारी सकाळी तिसरीकडेच जात होता, आणि तिथून आल्यावर त्याने हा रस्ता बंद केला आणि मला म्हणाला, पूर्ण आहे.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा. तब्येतीचं. मी तेच विचारायला आलो होतो. मॉडेल हा बहाणा होता."

वर्षभर ते माझ्यावर संशय घेऊन बसले होते. घरच्यांना ठाऊक होतं, आपल्यालाच बाहेर ठेवलं, असं समजून. मी त्यांचा चेहरा न्याहाळत होते, आणि हा माणूस घोडपदेवहून माझा चेहरा न्याहाळायला आला होता. मी म्हटलं, नाही हो, मला काही माहीत नव्हतं. मी जन्मभर लोकांचे लपवलेले आजार काढले आणि घरातला माझ्यासमोर बसून चहा पीत होता. त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं. मलाही त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून काही उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार थकले होते.

मग ते म्हणाले की दरड खरवडली तर खाली रस्ता निघेल. पण नको, तुमच्यासाठी केलीय ती, राहू द्या. माझा एक फोटो राहिला तर राहिला.

माझ्यासाठी केली होती, हे उघडच होतं. मी आयुष्यभर अर्धवट अर्धवट म्हणून त्याचं डोकं खाल्लं, म्हणून जाण्याआधी एक संपवून माझ्या हातात दिला. आणि मला तो नको होता. मला तो तुटका पूल चालला असता, लोंबकळता हात चालला असता, पोटावरची माती चालली असती. अर्धं राहिलेलं असायचं म्हणून तो पुढच्या रविवारी उठायचा. "काढा ती दरड," मी म्हटलं.

त्यांनी खोक्यातून बारीक पातं काढलं, जवळ नेलं आणि परत ठेवलं. "माझ्याने नाही होणार." मग मीच ते घेतलं. कोपऱ्यात खुपसून जोर लावला, खरवडायचं म्हणून, आणि अख्खी दरड एका तुकड्यात वर आली. दगड, माती, मोडकं झाड, सगळं. डब्याचं झाकण निघावं तशी. खाली रस्ता होता, रंगवलेला, त्यावर टायरच्या खुणा, कड साफ. डिंकाचा एक थेंबही कुठे नव्हता.

"हे त्याने चिकटवलंच नाही," ते म्हणाले. "एक खडासुद्धा सुटा ठेवायचा नाही तो. टॅक्सीत हलतं म्हणून. सगळं दोनदा चिकटवायचा."

म्हणजे हा माणूस माझ्या दारात येणार हे त्याला माहीत होतं. मी याला साखळीआड उभं करणार, मग बसवणार, मग म्हणणार तुमचा भाग आणा, हेही माहीत असणार, कारण मला तो ओळखून होता. सगळी व्यवस्था करून ठेवली होती त्याने. दगड रचले, झाड रोवलं, रस्ता खाली तसाच ठेवला. फक्त तोंडाने काही सांगितलं नाही, ना याला ना मला. मला इतका संताप आला की मी मोठ्याने म्हणाले, "दोघांपैकी एकाला तरी सांगायला काय झालं होतं त्याला?" शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाल्याचं मला ऐकू आलं. ते बाहीने डोळे पुसत राहिले. मग मीही उभ्या उभ्या रडले, हातात ती दरड धरून. हलकी होती, चहाच्या चोथ्याची.

त्यांनी दोन्ही फळ्या पुन्हा भिडवल्या. जीपमधला ड्रायव्हर डोकं बाहेर काढून बघत होता आणि समोरून ट्रक येत होता. गॅलरीतून टॉवरच्या कडेने जेवढं ऊन येतं तेवढं टेबलावर आलं होतं. ते कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, थोडं मागे सरकले, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, जरा बाजूला होता का? रस्त्यावर सावली पडतेय तुमची."

मी बाजूला झाले.